दारू कोरडी राखणे : दख्खनमधील दारूगोळ्याच्या साठवणीचा इतिहास

आबिद्सच्या चौकातून बशीरबागेकडे निघालेल्या हैदराबादकराला ‘गनफाउंड्री’ हे नाव इतके सवयीचे झालेले असते की, त्याचा अर्थ मनात येतच नाही. कित्येक वर्षे या नावाची ओळख बँकेमुळे होती. कारण २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत स्टेट बँक ऑफ हैदराबादचे मुख्य कार्यालय येथेच होते. या जागेचे जुने नाव मात्र ‘तोप का सांचा’. निजाम अलीखानाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी मिशेल जोआकिम मारी रेमाँ याने १७८६ च्या सुमारास येथे तोफा व गोळे ओतण्याचा कारखाना उभारला. मराठी इतिहासग्रंथांत तो ‘मुसा रेमू’ म्हणून येतो. हैदराबादच्या लोकांनी त्याचा ‘मूसा राम’ केला आणि त्याच नावाने मूसारामबाग वसली.

तोफांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची लांबी, वजन, त्यांवरील लेख, त्यांची नावे यांची वर्णने बखरींपासून गॅझेटियरांपर्यंत सापडतात. तोफ किंवा बंदूक ज्याच्या जोरावर चालते ती दारू कोठे ठेवीत, कशात ठेवीत, तिच्यावर देखरेख कोणाची असे, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. तोफ एकदा ओतली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दारूचे तसे नाही. ती रोज सांभाळावी लागते. एका पावसाळ्यात ती निकामी होते आणि एका ठिणगीत घरासकट नाहीशी होते. प्रस्तुत लेखाचा विषय ही रोजची देखरेख हाच आहे. किल्ल्याच्या कोठारापासून शिकाऱ्याच्या घरातील कपाटापर्यंत साधने पुष्कळ बदलली. पण साठवणीचे नियम जवळजवळ तेच राहिले, आणि जेथे जेथे ते मोडले गेले तेथे त्याची किंमत बहुधा शेजारी राहणाऱ्या माणसांनी मोजली, हे या इतिहासातून ध्यानात येते.

प्रथम शब्दाविषयी थोडे. आज मराठीत ‘दारू’ म्हटले की मद्य डोळ्यांपुढे येते. मूळ फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे चूर्ण तेही एक मिश्रण, म्हणून तीही दारूच. हैदराबादच्या दखनीत तिला ‘बारूद’ म्हणतात. या तीन द्रव्यांपैकी सोरा हा साठवणीतला सर्वांत नाजूक घटक. शुद्ध सोरा हवेतील ओल फारशी शोषून घेत नाही. परंतु मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ व इतर क्षार राहून जातात आणि ते पावसाळी हवेत पाणी धरतात. अशी दारू सर्द झाली म्हणजे तिचे गोळे बनतात. ती नुसती फुसफुसते, गोळी फेकत नाही. दारूला दोन शत्रू आहेत, आग आणि ओल. अडचण अशी की एका शत्रूपासून वाचविण्याचा उपाय पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती देतो. सर्द दारू सुकवायची तर ती बाहेर काढावी लागते. बाहेर काढली की ठिणगीचे भय आले.

ओल हा शत्रू किती प्रभावी आहे, हे गोवळकोंड्याच्या वेढ्यात दिसले. १६८७ च्या आरंभी औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला. जून महिन्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरली. आतल्या लोकांना सुरुंगांचा माग लागला. त्यांनी आतून उलट खणत जाऊन काही ठिकाणची दारू काढून घेतली आणि काही ठिकाणी पाणी ओतले. मोगलांनी बत्ती दिली तेव्हा स्फोटाचा मारा त्यांच्याच सैन्यावर उलटला. त्याच दिवसांत मोठा पाऊस होऊन मांजरा नदीला पूर आला आणि छावणीची रसद तुटली. पुढे सप्टेंबरात किल्ला पडला तो दारूच्या बळाने नव्हे; आतल्याच एका सरदाराने दरवाजा उघडून दिला म्हणून. एवढी प्रचंड सामग्री गोळा केलेल्या बादशहालाही घागरभर पाण्याने काही काळ अडवून धरले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दारूच्या साठवणीचे नियम मराठीत सविस्तर लिहून ठेवण्याचे श्रेय रामचंद्रपंत अमात्यांकडे जाते. शिवछत्रपतींपासून ताराबाईंपर्यंतच्या कारकीर्दी पाहिलेल्या या मुत्सद्द्याने १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातील दुर्गप्रकरण अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. पण त्यात दारूखान्याविषयी जो मजकूर आहे तो घर चालविणाऱ्या माणसानेही वाचावा असा आहे. त्याचा आशय असा : दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, घरावरून वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूसही नसावा. सदरेपासून बेताच्या अंतरावर जागा निवडून भोवती निर्गुडीसारख्या झुडपांचे दाट कुंपण करावे. आत तळघर करून ते गच्ची करून पक्के बांधावे आणि दारू मडक्यांत भरून तेथे ठेवावी. बाण, होके इत्यादी सामान मधल्या घरात वेगळे असावे. काहीही सर्द होऊ देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सर्व माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून जागच्या जागी ठेवावा. रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणाला जवळ फिरकू देऊ नये.

या मजकुरातून एकेक नियम वेगळा काढून पाहिला तर त्यामागचा विचार स्पष्ट होतो. घरापासून अंतर आणि वाऱ्याची दिशा, हा चुलीतील ठिणगीचा बंदोबस्त. तळघर आणि मडकी, ही थंडावा राखण्याची व माल विभागण्याची युक्ती. सर्व दारू एका ढिगात नसली म्हणजे एक मडके बिघडले तरी बाकीचे वाचते. दारू एकीकडे आणि बाण-होके दुसरीकडे, ही वर्गवारी. पंधरवड्याचे ऊन हा ओलीवरचा इलाज. मुद्रा आणि पहारा ही जबाबदारीची खूण : माल कोणी काढला, किती काढला आणि कोणाच्या हाताने परत ठेवला, याचा माग राहावा म्हणून. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत आणि कोठारांचा हिशेब कारखानीस राखी. एकाच माणसाच्या हाती किल्ली, माल आणि वही ही तिन्ही देऊ नयेत, हे शहाणपण त्या व्यवस्थेत होते.

मराठी राज्यव्यवहारात जे ‘अठरा कारखाने’ सांगितले जातात त्यांत तोफखाना, जिरातखाना आणि दारूखाना ही तीन खाती निरनिराळी आहेत. तोफा एका खात्यात, हत्यारे दुसऱ्यात आणि दारू तिसऱ्यात. याच यादीत दफ्तरखानाही आहे. ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात या शेजाराचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. कारण कागद आणि दारू यांचे शत्रू एकच आहेत.

नियम लिहिलेले असणे आणि ते पाळले जाणे यांत किती अंतर असते, हे सिंहगडावर दिसते. पुणे दरवाज्याने गडावर गेले की उजव्या हाताला जी दगडी इमारत लागते ते तेथील दारूकोठार. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली. फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातील सर्व माणसे मृत्युमुखी पडली. आज ट्रेकसाठी जाणारे शेकडो तरुण त्या इमारतीसमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. तेथे एक कुटुंब एका क्षणात नाहीसे झाले, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. वीज कोणाच्या हातची नव्हती, हे खरे. निर्गुडीच्या कुंपणानेही ती अडली नसती. परंतु राहते घर आणि दारूखाना यांच्यामध्ये अंतर ठेवण्याची सूचना आज्ञापत्रात आधीच नमूद होती आणि आकाशातून काय येईल हे माणसाच्या हाती नसते म्हणूनच अंतराचा नियम करावा लागतो. फडणिसांच्या घरातील माणसांचा दारूशी काहीही व्यवहार नसेल. ती केवळ जवळ राहत होती.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूचे कोठार उडाले, शहराचा मोठा भाग कोसळला आणि कारेल फाब्रिशियस हा गुणी चित्रकार त्यात गेला. इटलीतील ब्रेशा येथे १७६९ साली वीज पडून कोठार उडाले आणि फार मोठी प्राणहानी झाली. सिंहगडाच्या दुर्घटनेनंतर पुढच्याच वर्षी, १७५२ साली, बेंजामिन फ्रँकलिनने पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला, हा काळाचा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. १७७२ साली इंग्लंडमधील पर्फ्लीट येथील सरकारी दारूकोठारांचे विजेपासून संरक्षण कसे करावे हे ठरविण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिन होता, कॅव्हेंडिश होता. टोकदार विद्युत्‌वाहक सळई की बोथट, यावर तेथे मोठा वाद माजला. निसर्गाच्या अभ्यासाला दारूकोठाराच्या भयाने अशी चालना मिळाली.

आता पुन्हा रेमाँच्या कारखान्याकडे वळू. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर सवाई माधवरावांच्या नावाने जमलेले मराठी सैन्य आणि निजामाचे सैन्य समोरासमोर आले, तेव्हा रेमाँच्या कवायती पलटणी निजामाच्या बाजूने लढल्या. लढाईचा निकाल सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते अशा पलटणींनी आणलेल्या एका बदलाला. जुना बंदूकधारी बार भरण्याचे सामान सुटे बाळगी : दारूसाठी शिंगडे किंवा कातडी बुधला, कानावर घालावयाच्या बारीक रंजकासाठी वेगळी डबी, गोळ्यांची पिशवी आणि बत्ती देण्यासाठी सदैव धुमसत असलेली जामगी. पेटती जामगी एका हातात आणि दारूचे शिंगडे कमरेला, अशी ही जोडी होती. म्हणूनच प्रत्येक वस्तू तोंड बंद करून वेगळी ठेवण्याची सवय शिपायाच्या अंगी बाणवावी लागे. कवायती शिपायाच्या बंदुकीला चकमक आली आणि जामगी गेली. त्याचबरोबर एका बाराची दारू व गोळी कागदात गुंडाळलेले काडतूस आले आणि ते ठेवण्यासाठी तोसदान आले. मापून भरण्याचे काम रणांगणावरून उठून कोठाराच्या शांततेत गेले. घाईतील चूक टळली. पण तयार काडतुसांची साठवण ही नवी जबाबदारी आली.

रेमाँ मार्च १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याच्या पलटणी निःशस्त्र केल्या. त्यानंतरच्या हैदराबादेत दोन प्रकारच्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. सिकंदराबादेस इंग्रजी छावणी आणि तिची शिस्त. शहरात मात्र अरब, रोहिले, शीख यांच्या जमियती. प्रत्येक जमादार आपली माणसे आपणच पोशी आणि ही माणसे शस्त्रे लावून उघड हिंडत. अशा शहरात दारू एका सरकारी कोठारात राहणे शक्य नव्हते. ती ड्योढ्यांतून, वाड्यांतून आणि साध्या घरांतून विभागली जाणार, हे ओघानेच आले. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांना राज्याची घडी बसविताना ज्या अडचणींशी झुंजावे लागले त्यांत या सशस्त्र जमियतींचा प्रश्न मोठा होता. आज सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनात तोडेदार बंदुका पाहताना आपण नक्षीकामाचे कौतुक करतो. त्यांच्यासाठी लागणारी दारू एखाद्या घरात माजघराच्या कोनाड्यात असे आणि त्याच घरात चूल पेटत असे, हे चित्रही मनात आणावयास हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दारूगोळा खऱ्या अर्थाने घरगुती कपाटात आला तो शिकारीमुळे. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे नेमबाजीसाठी आणि वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या दरबारी छायाचित्रकाराने, म्हणजे राजा दीनदयाळ यांनी, त्या काळच्या शिकारीची छायाचित्रे घेतली आहेत. दरबाराचा शौक उमरावांत, उमरावांचा देशमुख-जहागीरदारांत उतरला. ठासणीच्या बंदुकीची जागा मागून भरावयाच्या बंदुकीने घेतली. विलायती काडतुसे महाग पडत आणि दूरच्या तालुक्याच्या गावी वेळेवर मिळत नसत. कागदी नळीची काडतुसे तर पावसाळ्यात फुगून बंदुकीच्या नळीत बसेनाशी होत. पितळी नळ्या मात्र पुन्हा पुन्हा भरता येत. म्हणून वापरलेल्या नळ्या जपून ठेवून घरीच भरून घेण्याची रीत हिंदुस्थानातील शिकाऱ्यांत रूढ झाली. दारूचा डबा, छऱ्यांच्या पिशव्या, नमद्याच्या चकत्या, स्फोटक टोप्यांच्या डब्या, माप आणि नळीचे तोंड वळविण्याचे छोटे यंत्र, असा हा संसार एका लाकडी पेटीत मावत असे.

या पेटीची जी शिस्त जाणते शिकारी पाळीत, ती पाहिली की आज्ञापत्राची आठवण होते. टोप्या दारूजवळ ठेवावयाच्या नाहीत. कारण टोपी आघाताने पेटते आणि दारू ठिणगीने. दारू तिच्या मूळच्या डब्यातच राहावी, दुसऱ्या डब्यात ओतू नये. टेबलावर एका वेळी एकच दारू असावी. काम संपले की उरलेली दारू मापात पडून न ठेवता डब्यात परत जावी. भरलेल्या काडतुसांवर आत काय आहे ते लिहावे. दिवा आणि विडी खोलीबाहेर. पेटीला कुलूप आणि किल्ली घरधन्याजवळ.

यांतील मूळ डब्याच्या नियमामागे एक मोठा धोका होता. १८८० नंतरच्या दशकांत काळ्या दारूच्या जोडीला धूररहित दारू बाजारात आली. ती थोड्या मापात पुष्कळ जोर करते. काळ्या दारूच्या सवयीने जुन्याच मापाने ती भरली की बंदुकीची नळी फुटून हात किंवा डोळा जाई. हा अपघात ना ठिणगीने होई, ना ओलीने. तो चुकीच्या चिठ्ठीने किंवा चिठ्ठीच नसल्याने होई. आग आणि ओल यांच्या जोडीला विसर हा तिसरा शत्रू नव्या शास्त्राने आणला. भरणारा एक, वापरणारा दुसरा आणि मध्ये काही वर्षे गेलेली, अशा घरात लिहिलेल्या चिठ्ठीवाचून दुसरा साक्षीदार नसतो.

वर्गवारी मोडली म्हणजे काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण मुंबईने पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कराचीला चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. कापूस धुमसत राहिला आणि त्याने स्फोटके गाठली. दोन प्रचंड स्फोटांत गोदी आणि आसपासची वस्ती जळून गेली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. युद्धाची निकड होती, जागा अपुरी होती, ही कारणे खरी आहेत. दारू आणि बाण वेगळ्या घरात ठेवावेत असे सांगणारा मनुष्य मात्र त्या दिवशी सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा ठरला होता.

हा सर्व व्यवहार कायद्याच्या कक्षेतही आला. स्फोटकांविषयीचा १८८४ चा कायदा आणि १९५९ चा शस्त्र कायदा यांनी कोणी काय व किती बाळगावे हे ठरविले. शस्त्र कायद्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ तयार काडतुसे येत नाहीत. त्यांचे भाग, ती तयार करण्याची यंत्रे आणि सरकार जाहीर करील ती द्रव्येही येतात. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपविला. शिकाऱ्याची ती लाकडी पेटी निरुपयोगी झाली, माळ्यावर गेली आणि विसरली गेली.

हैदराबाद आणि मराठवाड्यातील जुन्या घरांतून अशी पेटी आजही निघण्याचा संभव आहे, म्हणून दोन शब्द लिहिणे कर्तव्य वाटते. वाडा पाडताना किंवा वाटण्या होताना आजोबांच्या सामानात गंजलेला डबा, हिरवट पडलेली काडतुसे किंवा टोप्यांची डबी सापडली, तर ती हलवू नये, उघडू नये, उन्हात वाळवू तर मुळीच नये. अमात्यांचे ऊन हे ताज्या, देखरेखीखालच्या दारूसाठी होते; पन्नास वर्षे पडून राहिलेल्या अनोळखी द्रव्यासाठी नव्हे. मुलांना दूर ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.

त्याच पेटीत कागद असतील तर त्यांची गोष्ट निराळी. शस्त्राचा जुना परवाना, काडतुसांच्या दुकानाची पावती, शिकारीची टिपणवही, किती बार भरले आणि किती उरले याचे आकडे, हे रद्दीत जाऊ देऊ नयेत. राजांच्या तोफांची नोंद पुष्कळांनी करून ठेवली आहे. सामान्य घरातील या व्यवहाराची नोंद फक्त अशा कागदांतच मिळेल. दारूखाना ओस पडला तरी दफ्तरखाना चालू आहे. ते कागद सभासदांनी ग्रंथालयाकडे आणून द्यावेत. येथे त्यांना पंधरवड्याला ऊन मिळेल, चिठ्ठी लागेल आणि नोंदवहीत क्रमांक पडेल.